यंत्राच्या खोलीतला ऊस

लॅबमध्ये पाहुणे आले की मी त्यांना सांगायचे, इथं आम्ही उसाला साखर विकत आणून घालतो. कोल्हापुरात हे वाक्य कधी वाया गेलं नाही. माणसं आधी हसायची, मग बाटली हातात घेऊन बघायची आणि त्यांच्या लक्षात यायचं की मी थट्टा करत नाहीये. बाटलीतलं उसाचं रोप बोटाएवढं असतं. स्वतःचं पोट भरण्याची ताकद त्याच्यात नसते, म्हणून ज्या जेलीवर ते उभं असतं तिच्यात साखर घालावी लागते. मंजूर झालेली साखर खरेदी विभागात अडकली की मी येताना उचगावच्या किराणा दुकानातून आणायचे. त्या साखरेवरही ऊस तितकाच वाढायचा.

टिश्यू कल्चरच्या त्या सरकारी प्रकल्पात मी अकरा महिन्यांच्या करारावर होते. अकरा महिने संपले की काही दिवसांचा ब्रेक, मग नवा आदेश, मग पुन्हा अकरा महिने. ब्रेक कशासाठी, तर माझी नोकरी सलग झाली असं उद्या कुणी कोर्टात म्हणू नये यासाठी. मुलगी बालवाडीत होती तेव्हा मी लागले आणि ती बारावीला बसली तेव्हाही तात्पुरतीच होते. मध्ये एकदा कायम पदाची जाहिरात निघाली. छाननीत माझा अर्ज बाजूला काढला. शेरा होता, अनुभव सलग नाही. ब्रेक देणारे तेच, आणि ब्रेक आहे म्हणून नापास करणारेही तेच. पुढची जाहिरात येईपर्यंत माझं वय उलटून गेलं. मी रडले वगैरे नाही, मला तेवढा वेळ नव्हता. पण तो शेरा आठवला की आजही हातातलं भांडं ओट्यावर जरा जोरात आपटतं.

उसाला मात्र ब्रेक नसतो. ऊस चिडकं पीक. कापल्या जागेतून काळपट रस सोडतो आणि त्याच रसात गुदमरतो. दर पंधरवड्याला त्याला काढून, कापून, नव्या जेलीवर ठेवावंच लागतं. म्हणून ब्रेकच्या दिवसांतही मी लॅबला जायचे. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच ठाऊक नव्हतं. आमचे सर, म्हणजे प्रकल्पाचे प्रमुख, त्या दिवसांत माझ्या टेबलाकडे बघायचे नाहीत. शिपाई मामा माझ्यासमोर कप ठेवायचे आणि भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणायचे, "हितं कोण न्हाय, पर च्या ठिवलाय." मी तो प्यायचे आणि कामाला लागायचे. लॅबमध्ये कायम नोकरीवर असे दोघंच होते, सर आणि मामा. मामा म्हणायचे तिघं, कारण ते गच्चीवरची पाण्याची टाकी धरायचे.

आता ज्या उसाबद्दल सांगायचंय त्याच्याकडे येते. मुरगूडकडच्या एका शेतकऱ्यानं तो आणला होता. साठीचा माणूस, घरचं गुऱ्हाळ, गोठ्यात म्हशी, बोलणं तडकाफडकी. पोत्यात उसाची वाढी, म्हणजे शेंडे, बांधून घेऊन आला आणि पोतं माझ्या पायाशी टाकून म्हणाला, "गुळासाठनं आमच्याकडं जुन्यापास्नं ह्योच ऊस. गुळाला ह्येच्यासारखा रंग दुसऱ्या कुठल्या उसाचा न्हाय. पर आता बेटात ऊस कमी आनि गवातच जास्त हुतंय. म्हसरं बी तोंड लावंनात."

गवताळ वाढ हा रोग तसाच असतो. बेटातून उसाऐवजी बारीक, फिकट फुटवे येतात. बियाणं रोगट, म्हणजे पुढचं पीकही रोगट. तो ऊस ठेवणारी घरं मोजकीच राहिली होती आणि सगळ्यांच्या शेतात हीच कथा. आम्ही वाढ्यांना गरम हवेत ठेवलं, कोंबाचं अगदी टोक, मोहरीच्या दाण्याहून लहान, सूक्ष्मदर्शकाखाली काढलं आणि बाटलीत लावलं. बरीच टोकं मेली. जी जगली त्यांच्यात रोग नव्हता. तपासून खात्री केली, पुन्हा तपासलं आणि मग वाढवायला घेतली. तोवर मुरगूडकडं त्या उसाचं निरोगी असं एकही बेट उरलं नव्हतं. म्हणजे तो ऊस आता आमच्या थंड खोलीतल्या दोन रॅकवर होता, आणि बाकी कुठंच नव्हता. मी त्या शेतकऱ्याला शब्द दिला होता की आडसाली लागणीला रोपं देते. आडसाली म्हणजे जुलै-ऑगस्टची लागण. त्यासाठी मे महिन्यात बाटल्यांमध्ये मुळं धरायला हवीत, नंतर जाळीच्या घरात रोपं कणखर करायला हवीत.

त्या वर्षी मार्चमध्ये पैसे उरले. मार्चमध्ये ते नेहमीच उरतात आणि परत गेले तर पुढच्या वर्षी कमी मिळतात, म्हणून ते खर्चावेच लागतात. सरांनी विचारलं, "मॅडम, आपल्याला काय काय लागेल?"

मी म्हणाले, "दोन माणसं. आणि थंड खोलीचा एसी दुरुस्त करून घ्या, तो गळतोय."

"माणसांचं खर्चाचं हेड वेगळं हो. त्यात काही नाही. यंत्राच्या हेडमध्ये आहेत."

"मग एसी यंत्रच आहे की."

"तो दुरुस्तीच्या हेडमध्ये जातो."

शेवटी डीएनए वाचणारं यंत्र आलं. परदेशी. ट्रकमधून खोकं उतरवायला बाहेरची माणसं बोलवावी लागली. मामा त्याच्याभोवती एक चक्कर मारून आले.

"काय वाचतंय म्हनं हे?"

"उसाचा डीएनए."

"आनि त्येनं वाचल्यालं वाचनार कोण?"

सर म्हणाले, "त्याचं प्रशिक्षित पद मागितलंय." पद मागितलं होतं हे खरं. ते मिळालं नव्हतं हेही खरं. आणि प्रशिक्षित माणूस असल्याशिवाय कंपनीचा इंजिनिअर यंत्र बसवून देणार नव्हता. तोवर मात्र, कंपनीच्या कराराप्रमाणे, यंत्र ठेवलेली खोली रात्रंदिवस थंड हवी. एक नवी खोली रंगवून घेतली, दोन नवे एसी बसले, वेगळा जनरेटर आला. खोकं बंदच होतं. बंद खोक्याला थंडी वाजेल इतका गारवा त्या खोलीत होता.

एप्रिलअखेर माझा करार संपला. दरवेळी ब्रेक आठवड्याच्या आत संपायचा. या वेळी नवा आदेश आलाच नाही. माणसांच्या हेडची मंजुरी वर कुठंतरी अडकली होती. मी नेहमीप्रमाणं जात राहिले. मेच्या पहिल्याच आठवड्यात एका सकाळी थंड खोलीचं दार उघडलं आणि तोंडावर वाफ आली. एसी बंद. बाटल्यांना आतून घाम सुटलेला, जेली सैल पडलेली, पानांची टोकं पिवळी. मी मामांना हाक मारली.

"वीजबचतीचा कागद आलाय," मामा म्हणाले. "ज्या खोलीत कर्मचारी न्हाय तिथला एसी बंद करायचा. ह्या खोलीवर कर्मचारी म्हणून तुमचं नाव हुतं. तुमी तर आता न्हाय."

मी तशीच सरांच्या खोलीत गेले. दार वाजवलं नाही. "सर, एसी चालू करा."

"परिपत्रक आहे, मॅडम. मीटर वेगळा आहे त्या खोलीला. वरून विचारतील."

"यंत्राच्या खोलीत कोण कर्मचारी आहे?"

"तिथं यंत्र आहे."

"म्हणजे खोक्याला थंड हवा आणि जिवंत रोपांना उकाडा?"

"माझ्या हातात असतं तर..." त्यांचं हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की पुढचं ऐकायला थांबायची गरज नव्हती. माणूस वाईट नाही. पण त्यांच्या हातात नक्की काय आहे हे इतक्या वर्षांत मला कळलं नाही.

"मग मी रॅक यंत्राच्या खोलीत नेते," मी म्हणाले.

ते खिडकीबाहेर बघायला लागले. "मी काही ऐकलं नाही."

मामा आणि मी दुपारपर्यंत रॅक हलवले. बाटल्या एकेक करून ट्रेमधून नेल्या, रॅकवर ट्यूबलाइट पुन्हा बांधल्या, वायरी ओढल्या. खोक्यावर 'यावर काही ठेवू नये' असं मोठ्या अक्षरात छापलेलं होतं. मामांनी तिथं आपला जेवणाचा डबा ठेवला. "ताई, पंधरा वर्सांत पैल्यांदा गारव्यात भाकरी खाल्ली," म्हणाले.

पिवळी पडलेली रोपं मी बाजूला काढली. जी हिरवी होती ती नव्या जेलीवर नेली. रोज सकाळी जायचे, लॅमिनारसमोर, म्हणजे गाळलेल्या हवेच्या कपाटासमोर, बसायचे, चिमटा जाळावर धरायचे, कापायचे, ठेवायचे. पगार नाही, हजेरी नाही. घरात नवरा एकदाच म्हणाला, "तुला ते ठेवून घेणार नाहीत आणि तू त्यांना सोडणार नाहीस." मी म्हटलं, त्यांना नाही, उसाला. 

मुरगूडचे ते शेतकरी काका मध्येच एकदा येऊन गेले. यंत्राच्या खोलीत रॅकसमोर उभे राहिले, चष्मा वर करून एकेक बाटली बघितली.

"आडसालीला मिळत्यात न्हवं? मी रान मोकळं ठिवलंय. गावातली माणसं हासत्यात, म्हनत्यात, हेचा ऊस बरणीत हाय."

"मिळतील."

"तुमचा पगार सुरू हाय का?"

"नाही. सध्या मी ब्रेकवर आहे."

"म्हंजे?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मग एकदम उसळले. "आवो, आमच्या गुऱ्हाळात गुळव्याला असा ब्रेक दिला तर काहिलीतला रस थांबतोय व्हय? करपून कोळसा हुईल की! कुणाचं डोस्कं हे?"

कुणाचं, ते मलाही सांगता आलं नाही. हीच तर या कारभाराची खुबी आहे. राग धरायला माणूसच सापडत नाही.

मेच्या शेवटी कमिटी येणार असा निरोप आला. खरेदी केलेलं यंत्र वापरात आहे का, हे बघायला. सरांचा चेहरा पडला. आदल्या दिवशी त्यांनी मामांकडून खोकं उघडून घेतलं, बाहेरची माणसं बोलावून यंत्र टेबलावर ठेवलं, पुसलं आणि प्लग लावला. समोर एक हिरवा दिवा लागला. त्याहून अधिक त्या यंत्रानं तेव्हा काही केलं नाही. रॅक हलवायला वेळ नव्हता आणि परत जुन्या खोलीतल्या उकाड्यात न्यायला मी तयारही नव्हते.

कमिटीतले तिघं आत आले. बाहेर ऊन फोडून काढत होतं आणि आत महाबळेश्वर. चकाकणारं यंत्र, हिरवा दिवा आणि भिंतीभर उजेडात उभी हिरवीगार रोपं. त्यांच्यातले जे ज्येष्ठ होते ते खुलले.

"अरे वा! म्हणजे यंत्र बसवून लगेच कामही सुरू!"

"याच खोलीत चालतं सगळं," सर म्हणाले. हे वाक्य खोटं नव्हतं.

मी कोपऱ्यात उभी होते. कागदावर मी नव्हतेच, त्यामुळं कुणी ओळख करून दिली नाही. पण मला राहवेना. मी म्हणाले, "ही रोपं हातानं केली आहेत. यंत्र अजून सुरूच झालेलं नाही. ते चालवायला माणूस नाही, आणि रोपं करायलाही नाही."

ज्येष्ठांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. "म्हणजे हातानं करायची पद्धतही समांतर चालू ठेवली आहे! फारच छान." ते लिहून घेत होते. मग सोबतच्या माणसानं मोबाइल काढला आणि मला म्हणाला, "मॅडम, जरा बाजूला होता का? रॅक दिसत नाहीत."

मी बाजूला झाले. तो फोटो मी नंतर पाहिला. छान आला आहे.

पाऊस लागला. मुळं धरलेली रोपं मी बाटलीतून काढली, जेली धुऊन ट्रेमध्ये लावली आणि जाळीच्या घरात ठेवली. पहिले काही दिवस त्यांना फार जपावं लागतं. बाटलीतल्या दमट हवेतून बाहेर आलेलं रोप उघड्यावर लगेच मान टाकतं. मामा झारी घेऊन माझ्यासोबत यायचे. पुष्कळ जगली. जुलै सरता सरता रोपं हातभर झाली, पानं ताठ झाली.

त्याच सुमारास अहवाल आला. सरांनी मला आणि मामांना बोलावून वाचून दाखवला, कारण एकट्यानं वाचायला त्यांना धीर होत नव्हता. यंत्राचा पूर्ण वापर होत आहे. उपलब्ध कर्मचाऱ्यांत काम समाधानकारक सुरू आहे. सबब वाढीव पदांची, तसंच करार पुढं चालू ठेवण्याची आवश्यकता दिसत नाही. प्रकल्पाची प्रगती पाहता दुसऱ्या यंत्राची शिफारस करण्यात येत आहे.

सरांनी कागद खाली ठेवला. मग मामांनी विचारलं, "उपलब्ध कर्मचारी म्हंजे कोण?"

"तुम्ही आणि मी," सर म्हणाले.

"म्हंजे ती रोपं मी केली?"

"कागदावर तसं होतं."

"बायकोला सांगाय पायजे. घरातली तुळस जगत न्हाय माझ्या हातनं."

मला हसू आलं नाही. मी तीन महिने फुकट राबले नसते तर रॅक वाळून गेले असते आणि कमिटीला काळ्या बाटल्या दिसल्या असत्या. मी राबले, म्हणून सिद्ध झालं की माझी गरज नाही. इतकी वर्षं प्रत्येक ब्रेकमध्ये आम्ही सगळ्यांनी मिळून हेच सिद्ध करत आणलं होतं. चहा भिंतीला सांगून ठेवत होतो.

"सर," मी म्हणाले, "मुरगूडच्या रोपांचा गेटपास करा. उद्या."

"दोन महिने थांबूया ना. हस्तांतराचा कार्यक्रम घेऊ. वरचे पाहुणे बोलावू. त्या निमित्तानं तुमच्या पदाचाही विषय काढता येईल."

"लागण आता आहे. पाहुण्यांसाठी ऊस थांबणार नाही आणि मीही नाही."

"असं रागात..."

"रागातच बोलतेय. पास करा."

त्यांनी सही केली. तेवढं त्यांच्या हातात होतं.

दुसऱ्या दिवशी काका टेंपो घेऊन आले. सोबत गावातली दोन माणसं होती, बहुतेक बरणीतल्या उसाला हसणारी. ट्रे चढवताना त्यांच्यातला एकजण म्हणाला, "आवो, हे तर खरंच ऊस हाय की!" काकांनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो लगेच पुढचा ट्रे उचलायला वळला. पाऊस भुरभुरत होता, रोपांना बरा. मी काकांना पाणी कसं द्यायचं, बाहेरून कुणाचं रोगट बियाणं शेजारी कसं येऊ द्यायचं नाही, ते सांगितलं. त्यांनी गुळाची ढेप आणली होती. ती दुसऱ्या उसाच्या गुळाची होती. "आपल्या उसाचा गूळ झाला की मग खरी आनतो," म्हणाले.

रॅकवर मूळ बाटल्या राहिल्या होत्या, पुढच्या रोपांची आई म्हणता येईल अशा. त्या मी नेऊ शकत नव्हते, त्या सरकारी होत्या. मी जेली तयार करून ठेवली, चिमटे, ब्लेड निर्जंतुक करून ठेवले आणि सरांना लॅमिनारसमोर आणून बसवलं.

"पंधरवड्याला एकदा. चुकलं तर बाटल्या काळ्या पडतील."

"मी पीएचडीच्या वेळी केलं होतं हे," सर म्हणाले. पंखा सुरू झाला, जाळ लागला. त्यांनी चिमटा धरला तसं मला कळलं की पीएचडी फार जुनी झाली. चिमटा त्यांनी जाळावर धरला आणि लगेच बाटलीत घातला. रोप चरचरलं.

"थंड होऊ द्या आधी," मी म्हणाले, आणि गळ्यातली ओळखपत्राची दोरी काढून टेबलावर ठेवली. मामा दारात कप घेऊन उभे होते. या वेळी भिंतीला काही सांगितलं नाही. माझ्या हातात कप दिला आणि म्हणाले, "घ्या ताई."

मी आता गगनबावड्याच्या रस्त्यावरच्या एका खासगी लॅबमध्ये केळीची रोपं करते. तिथंही पगार काही मोठा नाही, पण महिने बारा असतात. मुरगूडची रोपं लागली, फुटवे चांगले आले, काकांनी फोटो पाठवला. फोटोत ते स्वतः मधोमध उभे आहेत आणि ऊस अर्धा झाकला गेलाय. मला तो फोटो आवडतो.

सप्टेंबरात एका संध्याकाळी सरांचा फोन आला.

"मॅडम, बाटल्यांत बुरशी आली."

"किती?"

"जवळजवळ सगळ्यांत. काही काळ्या पडल्यात. तिमाही अहवाल द्यायचाय, कारण काय लिहू?"

"माणूस नव्हता म्हणून. तेवढंच लिहा."

"असं लिहिता येत नाही हो. गेल्याच अहवालात सगळं समाधानकारक आहे."

"मग असं करा," मी म्हणाले, "यंत्राशेजारी रॅक ठेवा, दिवा लावा आणि बुरशीचा फोटो काढून पाठवा. सोबत लिहा, उपलब्ध कर्मचाऱ्यांत काढली."

 पलीकडं यंत्राच्या खोलीतल्या एसीची घरघर ऐकू येत होती.